आधी प्रॅक्टिकल बसवा

१९६२ च्या नोव्हेंबरात डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी म्युनिकच्या संगणक परिषदेत टोरंटोच्या केली गॉटलीब यांनी वर्ग, शिक्षक आणि तास यांचा मेळ यंत्राने कसा घालावा यावर निबंध वाचला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. इथल्या कॉलेजांत त्यानंतरही कित्येक वर्षे जून उजाडला की स्टाफरूमच्या टेबलावर ड्रॉइंग शीट पसरायची. आडवे वार, उभे तास, आणि हातात पेन्सिल नि खोडरबर.

टाइमटेबल करणाऱ्या सरांची एक रीत असे. आधी प्रॅक्टिकल बसवायची. प्रयोगशाळा एकच, बॅचेस चार आणि सलग तासांची गरज, म्हणजे सगळ्यात अडचणीचे तेच. मग दोन-तीन वर्गांना सामाईक असलेले शिक्षक. एका वर्गाचा साधा तास शेवटी. तो कुठेही मावतो. अडलेच तर बसवलेला एखादा तास उठवायचा, त्या जागी अडलेला घालायचा आणि उठवलेल्यासाठी नवी जागा शोधायची.

गणितातले मूळ याहून जुने. बुडापेस्टच्या डेनेश क्योनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केलेल्या प्रमेयाचा टाइमटेबलच्या भाषेतला अर्थ असा: कुठल्याही शिक्षकाला किंवा वर्गाला आठवड्यात ३० हून जास्त तास नसतील, तर सगळे काम ३० तासांत बसतेच. हे वाचून हायसे वाटते. पण त्यात खोल्यांची अडचण नाही, आणि शिक्षक कधीही मोकळाच धरलेला आहे.

१९६७ मध्ये वेल्श आणि पॉवेल यांनी हा प्रश्न रंगांचा म्हणून मांडला. प्रत्येक विषय एक ठिपका. दोन विषयांना एखादा विद्यार्थी सामाईक असेल तर त्यांच्यात एक दोरा. दोऱ्याने जोडलेल्या ठिपक्यांना एकच रंग नको, आणि रंग म्हणजे वेळ. त्यांची युक्ती काय? ज्या ठिपक्याला सर्वाधिक दोरे, तो आधी रंगवा. सरांची प्रॅक्टिकलची रीत ती हीच.

मला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो तो १९७६ चा. ईव्हन, इताई आणि शमीर यांनी दाखवले की क्योनिगच्या सोप्या प्रश्नात ‘अमुक शिक्षक अमुक वेळी येऊ शकत नाही’ एवढीच अट घातली, की तो अवघड प्रश्नांच्या त्या कुळात जातो, ज्यासाठी हमखास आणि झटपट उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. आपल्याकडे ही अट म्हणजे तासिका तत्त्वावरचे, सीएचबीचे प्राध्यापक. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. पोटासाठी गाडीला किक मारून धावणाऱ्या माणसाची ओढाताण आणि गणिताची ही गाठ एकाच जागी पडते, हे मला फार लागते.

रुमानियाच्या लिव्हिउ लालेस्कू यांनी २००२ मध्ये ‘एफईटी’ हा मोफत प्रोग्राम लिहायला घेतला. सुरुवातीला त्यांनी उत्क्रांतीची नक्कल करणारी पद्धत वापरली. ती फार वेळ खाई. २००७ मध्ये ती सोडून त्यांनी दुसरी घेतली: अवघड तास आधी बसवा, जागा नसेल तर बसलेले उठवा, उठवलेल्यांना पुन्हा जागा शोधा. सगळ्या शोधाशोधीनंतर यंत्र पोहोचले ते ड्रॉइंग शीटवर ओणवलेल्या माणसाच्या रीतीपाशी.

आता नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, खुले ऐच्छिक विषय आणले. एका वर्गातली मुले दिवसातून चारदा पांगतात, आणि दोऱ्यांचे जाळे इतके दाट होते की पेन्सिलीने ते उलगडणे माणसाला सोसवत नाही. यंत्र हवेच. या प्रोग्राममध्ये प्रत्येक शिक्षकाच्या नावाने चौकटी उघडतात आणि तो नसेल त्या तासावर फुली मारायची असते. मात्र फुली मारण्याआधी कुणीतरी फोन करून विचारावे लागते, ‘सर, पलीकडच्या कॉलेजातून किती वाजता सुटता?’ आणि राधानगरीकडच्या मुलींची शेवटची एसटी किती वाजता, हेही.