बंद दारांआडचा सामना

परवा मैदानावर एका पोराने मला चांगलेच खिंडीत गाठले. "काका, तुम्ही स्वतः कधी मोठ्या संघातून खेळलात का?" गेली बारा वर्षे मी या वयाच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो आहे. "नाही," म्हणालो आणि उगाच शिट्टी फुंकली. घरी येताना मात्र जॉन मॅक्लेंडन आठवला. पण त्याच्याआधी त्याच्या गुरूची ओळख करून दिली पाहिजे.

जेम्स नेस्मिथ मूळचा कॅनडाचा. १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे, थंडीने घरात कोंडलेल्या अठरा दांडगट विद्यार्थ्यांचा वर्ग त्याच्या गळ्यात पडला. त्यांना रमवायला त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले, आणि बास्केटबॉल जन्माला आला. टोपल्यांना बूड होते. चेंडू आत पडला की वर चढून काढायचा! पुढे कॅन्सस विद्यापीठात त्याच्या हाताखालचा संघ ५५ सामने जिंकला, ६० हरला. खेळाचा जन्मदाता, पण हार-जितीची त्याला फारशी फिकीर नव्हती.

१९३३ साली मॅक्लेंडन तेथे शिकायला आला. नेस्मिथला गाठ, असे वडिलांनी बजावूनच पाठवले होते. मुलगा कृष्णवर्णीय, विद्यापीठाच्या संघाची दारे त्याला बंद. उतारवयातल्या नेस्मिथने त्याला आपला शिष्य मानले, आणि ज्याला खेळू दिले नाही तो शिकवायला शिकला. चेंडू असेल तेथेच, साऱ्या मैदानभर, प्रतिपक्षाला भिडायचे, हा धडा त्याने गुरूकडूनच उचलला.

१९४४ साली तो डरॅम गावात कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयाचा संघ तयार करीत होता. गावात गोऱ्यांचे ड्यूक विद्यापीठ. दोघांनी एकत्र खेळणे तेथे कायद्याने व रूढीने निषिद्ध. तरी १२ मार्चच्या रविवारी, गाव प्रार्थनेत गुंतले असताना, ड्यूकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांचा संघ आडवाटेने आला. व्यायामशाळेची दारे आतून लावली. प्रेक्षकांना आमंत्रण नव्हतेच. आरंभी दोन्हीकडचे हात थरथरत होते म्हणतात. मग मॅक्लेंडनची पोरे धावू लागली. ८८ विरुद्ध ४४!

एवढ्यावर थांबले असते तर तो नुसता सामना झाला असता. पण नंतर दोन्ही संघांतील खेळाडू आपसांत वाटून घेऊन मुले पुन्हा खेळली.

निकाल कोणत्याही वर्तमानपत्रात आला नाही. एका बातमीदाराला ठाऊक होते, त्यानेही लेखणी आवरली. गोष्ट जगजाहीर व्हायला १९९६ साल उजाडले. मॅक्लेंडन तेव्हा हयात होता.

त्या पोराला हे सांगायचे राहून गेले आहे. उद्या सांगेन.