दवाखाना फुकटचा नाही

कामतघरच्या आमच्या बचत गटात दवाखान्याचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतेच, "सरकारी दवाखाना फुकटचा, तिथं जाब कोणाला विचारायचा?" म्हणून ही जुनी हकिकत सांगतो.

जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली. पाठोपाठ कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली. पोटात टॉवेल राहिला. पुन्हा पोट उघडून तो काढला, पण बाई वाचली नाही. नवऱ्याने दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाई दिली. हायकोर्टाने ती रद्द केली. शेवटी 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, सरकारी दवाखान्यातल्या हलगर्जीपणाला सरकार जबाबदार. तेहेतीस वर्षं गेली!

भरपाईने आई परत येत नाही. शस्त्रक्रियेनंतर कापड मोजायला पुरेशी माणसं लागतात, माणसांना पगार लागतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च 2025 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. त्याचा हिशेब मागायला हवा.

काडेपेटी घेतली तरी आपण कर भरतो. मग दवाखाना फुकटचा कसा? केसपेपर जपून ठेवा, आणि मत मागायला येणाऱ्याला दवाखान्याबद्दल विचारा.