शाईतला डिंक

इस्लामी सुलेखनाचा विषय निघाला की बगदादच्या इब्न मुक्लाचं नाव हमखास येतं. अब्बासी दरबारातल्या या वजिराने अक्षरांना प्रमाणबद्ध केलं. पुढे दरबारी राजकारणात त्याचा उजवा हात छाटला गेला आणि ९४० साली तो कैदेत वारला. ही कथा आपण नेहमी सांगतो. पण त्याच्या कलमातून उतरणाऱ्या शाईबद्दल कुणी विचारत नाही. मला तो इतिहासही तितकाच मोलाचा वाटतो.

काजळी नुसत्या पाण्यात कालवली तर तिचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. डिंक मिसळला की शाई टिकते. प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांनाही हे ठाऊक होतं. मुस्लिम कारागिरांनी ही विद्या पुढे नेली. आजच्या ट्युनिशियात राज्य करणाऱ्या मुइज्ज इब्न बादीसच्या (मृत्यू १०६२) नावावर असलेल्या ‘उम्दतुल कुत्ताब’ या ग्रंथात शाईच्या अनेक कृती आहेत. सगळी मेख प्रमाणात होती. डिंक कमी पडला तर काजळी बसते, जास्त झाला तर शाई घट्ट होऊन कलमातून उतरत नाही.

विज्ञानाने याचं कारण फार नंतर उलगडलं. डिंकाच्या रेणूत साखरेच्या फांद्या फुटलेल्या साखळ्या आणि थोडं प्रथिन असतं. प्रथिन काजळीला धरून राहतं, साखळ्या पाण्यात पसरून कणांना दूर ठेवतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भिंतींच्या पाण्यातल्या रंगांसाठी जे पॉलिमर घडवले गेले, त्यांतही अशीच दुहेरी ओढ आहे. त्यांचा मधला भाग पाण्यात रमतो, टोकं पाणी टाळतात. ही टोकं एकमेकांशी आणि रंगातल्या कणांशी जुळून जाळं विणतात. ब्रश फिरला की जाळं सुटतं, रंग सहज पसरतो. ब्रश थांबला की जाळं पुन्हा जुळतं, म्हणून ओघळ येत नाहीत.

या डिंकाला जग ‘गम अरेबिक’ म्हणतं, ते अरब व्यापाऱ्यांमुळे. झाडं मात्र आफ्रिकेतली. आजही सर्वाधिक डिंक सुदानातून येतो आणि तिथे एप्रिल २०२३ मध्ये यादवी पेटली. वजिराचं नाव इतिहासाने जपलं, रानात उन्हातान्हात डिंक वेचणाऱ्यांचं जपलं नाही. वारशाचा अभिमान बाळगायचा असेल तर त्यांचाही वाटा मोजायला हवा.