सायलेन्सर केवढा असावा? बंदुकीपासून बुलेटपर्यंत

सायलेन्सर म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात: गाडीचा, आणि सिनेमात पिस्तुलाच्या तोंडावर फिरवून बसवतात तो. काम एकच, पण आकार बघा. पिस्तुलाचा वीतभर, बुलेटचा हातभर आणि मोठ्या जनरेटरचा थेट पिंपाएवढा. म्हणजे सगळ्यात मोठा धमाका करणाऱ्याला सगळ्यात छोटा सायलेन्सर! असं का? ध्वनिशास्त्रात पीएचडी करतोय म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो. आधी इतिहास बघू, मग थोडं गणित.

गाडीचा सायलेन्सर बंदुकीवरून आला, असा समज आहे. तो बरोबर नाही. अमेरिकेत रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाच्या सायलेन्सरचं पेटंट 1897 मध्येच घेतलं होतं. बंदुकीचा सायलेन्सर बाजारात आणला हायरम पर्सी मॅक्झिमने. त्याचं पेटंट 1909 चं. गंमत म्हणजे त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम हे मशीनगनचे जनक, आणि आयुष्यभर गोळीबाराचे आवाज झेलून त्यांचे कान गेलेले. मुलगा मोटारगाड्यांचा इंजिनिअर होता. टबातलं पाणी भोवरा घेत जाताना पाहून त्याला ही कल्पना सुचली, असं सांगतात.

आकाराची अडचण त्यालाही लगेच आली. नळकांडं जाड केलं की नेम धरायची माशी त्याच्याआड जाते. म्हणून 1910 च्या मॉडेलमध्ये त्याने नळकांड्याचा फुगवटा नळीच्या खालच्या बाजूला ठेवला. पुढे त्याच्या कंपनीने बंदुकांचे सायलेन्सर बंद केले आणि ती इंजिनांच्या सायलेन्सरकडे वळली.

आपल्याकडे कायद्याने या दोन भावंडांना अगदी वेगळं वागवलं. 1959 च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचा आवाज कमी करणारा जोडभाग हाच 'अग्निशस्त्र' धरला जातो. उलट 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 120 सांगतो की प्रत्येक गाडीला सायलेन्सर हवाच. म्हणजे एक परवान्याशिवाय बाळगला तर गुन्हा, दुसरा काढून टाकला तर गुन्हा! याच नियमात 'एक्स्पान्शन चेंबर' असा शब्द आहे, आणि सगळं गणित त्याच शब्दात आहे.

एक्स्पान्शन चेंबर म्हणजे अरुंद नळीनंतर अचानक येणारी रुंद खोली. लाट तिथे पोचली की तिचा काही भाग मागे परततो. खोली नळीच्या दुप्पट व्यासाची असेल तर सूत्राप्रमाणे जास्तीत जास्त साडेसहा डेसिबल कमी होतात. तिप्पट केली तर 13, चौपट केली तर 18, पाचपट केली तर 22. म्हणजे मोठा सायलेन्सर जास्त आवाज अडवतो हे खरं, पण प्रत्येक पुढची पायरी आधीपेक्षा महाग पडते.

लांबीचं काम वेगळं आहे. खोली लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश असेल तेव्हा ती सर्वात चांगली अडवते. बंदुकीचा धमाका काही मिलिसेकंदांचा, त्यात उंच पट्टीचे आवाज भरपूर; हजार हर्ट्झला 12-13 सेंटिमीटर पुरतात. (बंदुकीतल्या वायूचा दाब प्रचंड असल्यामुळे हे सूत्र तिथे ढोबळच लागू होतं. वायूला पसरून थंड व्हायला जागा मिळणं तिथे जास्त महत्त्वाचं.) आता एका सिलिंडरची बुलेट घ्या. मिनिटाला 2400 फेरे म्हणजे सेकंदाला 20 स्फोट. गरम धुरात या लाटेची लांबी सुमारे 25 मीटर, तिचा चौथा हिस्सा सहा मीटर. कोण लावणार गाडीला सहा मीटरचा सायलेन्सर?

म्हणून बुलेटची ती खोल धकधक कंपनीच्या सायलेन्सरमधूनही बऱ्यापैकी बाहेर येतेच. तो काढून पोकळ 'पंजाब सायलेन्सर' बसवला की मुख्यतः वाढतो तो वरच्या पट्टीचा कर्कशपणा. नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत कानठळ्या बसतात त्या याच्याने.

जनरेटरची गोष्ट मराठवाड्याला वेगळी सांगायला नको. 2005 नंतरच्या लोडशेडिंगच्या वर्षांत दुकानादुकानापुढे तो धडधडायचा. त्याच वर्षापासून बनणाऱ्या 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आली. त्याआधीच्या जनरेटरला किमान 25 डेसिबल कमी करणारा सायलेन्सर बंधनकारक झाला. वरचे आकडे आठवा: पाचपट व्यासाची एक खोलीसुद्धा 22 वरच थांबते. म्हणून आत दोन-तीन खोल्या, छिद्रांच्या नळ्या, आवाज शोषणारी लोकर असं सगळं भरावं लागतं, आणि डबा पिंपाएवढा होतो.

आणि 'सायलेन्सर' हे नाव? तेही फसवंच. रायफलचा आवाज 160 डेसिबलच्या घरातला. चांगला सायलेन्सर त्यातले 25-30 कमी करतो. उरतात 130 च्या वर! शांतता काही येत नाही. कान वाचण्याची शक्यता तेवढी वाढते.

निवासी भागात रात्रीची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल आहे. नांदेड-लातुरात खोली करून राहणारी, नीटच्या अभ्यासाला रात्र काढणारी हजारो पोरं त्या आकड्याच्या भरवशावर असतात. त्यांच्या खिडकीखालून जाणारा एक पोकळ पाइप म्हणजे 1897 पासूनच्या मेहनतीवर फिरवलेलं पाणी. त्यामुळे गॅरेजवाला 'छोटा, हलका, मस्त आवाजाचा' सायलेन्सर दाखवायला लागला, तर एवढंच विचारा: याच्या आत खोली आहे का?