शिंपल्याचं जुनं नाव

पेट पास झालात, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचीय. त्याआधी एक गोष्ट ऐका. आहे इतिहासाची, पण तिने माझं पहिलं प्रकरण पार बुडवलं होतं. तुमचं बुडू नये म्हणून सांगते.

मी जालना एमआयडीसीत राहते. खिडकीतून सळयांचे ट्रक दिसतात, समुद्र चारशेएक किलोमीटर लांब. माझा विषय मात्र शिंपले. गोड्या पाण्यातल्या लॅमेलिडेन्स या शिंपल्याच्या मांसात धातू किती साठतात, ते मी मोजते. घरी विषय सांगितला तेव्हा आजी म्हणाली, "ते खातात का गं कुणी?"

खातात ना! कोकणात तिसऱ्यांचं एकशिपी करतात. शिंपलीचा एक भाग टाकायचा, दुसऱ्यात मांस तसंच ठेवायचं आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचं. गोव्यात शिनाणे रवा लावून तळतात. शिनाणे म्हणजे हिरव्या कडेचा, खडकाला धाग्यांनी चिकटून राहणारा शिंपला. त्याचा युरोपातला भाऊबंद फ्रान्सच्या किनाऱ्यावर पातेलंभर वाढला जातो, कांदा आणि पांढऱ्या वाइनमध्ये वाफवून. लोक एका रिकाम्या शिंपल्याचाच चिमटा करून बाकीचे खातात.

या फ्रेंच शिंपल्यांची एक प्रसिद्ध कथा आहे. १२३५ मध्ये पॅट्रिक वॉल्टन नावाच्या आयरिश माणसाचं जहाज ला रोशेलजवळच्या एग्वियोंच्या खाडीत फुटलं. पोटासाठी त्याने चिखलात खांब रोवून पक्षी धरायला जाळं बांधलं. पक्षी राहिले बाजूला, खांबांवर शिंपलेच लगडले. तिथून खांबांवरची शेती सुरू झाली. तिला 'बुशो' म्हणतात आणि ती आजही चालते. पुस्तकांत, जाहिरातींत, हॉटेलच्या मेन्यूवर ही कथा सापडते.

आता संशोधक म्हणून विचारा, हे कुणी लिहिलं आणि कधी? कथा गाजली ती १९व्या शतकात, शार्ल-मारी द'ऑर्बिन्यी आणि व्हिक्टर कोस्त यांच्या लिखाणातून. घटना १३व्या शतकातली आणि तिची प्रसिद्धी सहाशे वर्षांनंतरची. म्हणून इतिहासकार तिला दंतकथा मानतात. खांब खरे, शेती खरी, पण वॉल्टनचा भरवसा नाही. वर्ष नेमकं दिलंय म्हणून गोष्ट खरी ठरत नाही, हा पहिला धडा. तो मी वहीत लिहून ठेवला आणि स्वतःला फार हुशार समजले.

दुसरा धडा मात्र महागात पडला.

माझ्या प्रकरणात समुद्री शिंपल्यांवरच्या जुन्या कामाचा आढावा हवा होता. हा आढावा टाळता येत नाही, कारण शिंपल्याकडून प्रदूषण मोजायची कल्पनाच समुद्रातून आली. शिंपला पाणी गाळून खातो, एका जागी बसून राहतो आणि पाण्यातलं बरंवाईट अंगात साठवतो. हे हेरून एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये 'मसल वॉच', म्हणजे शिंपल्यांकरवी किनाऱ्यांवर पहारा, ही योजना मांडली.

मी संगणकावर हिरव्या शिंपल्याचं शास्त्रीय नाव टाकलं, पर्ना व्हिरिडिस. ढीगभर लेख आले, जवळपास सगळे १९८० नंतरचे. मी बिनधास्त लिहून टाकलं, "महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर या शिंपल्याच्या प्रजननावर १९८० पूर्वी काम झालेले दिसत नाही."

सादरीकरणात एका ज्येष्ठ सरांनी एवढंच विचारलं, "जुनं नाव शोधलंत का?"

लिनियसने १७५८ मध्ये या शिंपल्याला मायटिलस व्हिरिडिस म्हटलं होतं. १९८० मध्ये सिडल यांनी पर्ना या वंशाची नीट मांडणी केली आणि त्यानंतर नवं नाव रुळलं. म्हणजे १९८० च्या आधी काम नव्हतं असं नाही, ते दुसऱ्या नावाने होतं! जुनं नाव टाकताच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या कासिम आणि सहकाऱ्यांचा १९७७ चा लेख समोर आला. तरंगत्या तराफ्यांवरून दोर सोडून शिंपले वाढवायचा तो प्रयोग. फ्रान्समध्ये खांब, आपल्याकडे दोर.

पण खरी चपराक पुढे होती. रत्नागिरीच्या मायटिलस व्हिरिडिसच्या प्रजननावर १९७५ मध्येच लेख आला होता, नागभूषणम आणि माने यांचा. त्याच वर्षी त्यांचा काळबादेवीच्या खाडीतल्या कॅटेलिसिया ओपिमा या शिंपलीवरचाही लेख आहे. (तिचंही नाव पुढे बदललं, मार्सिया ओपिमा.) दोघांचा पत्ता? प्राणिशास्त्र विभाग, मराठवाडा विद्यापीठ, औरंगाबाद.

म्हणजे आपलंच विद्यापीठ! जालना १९८१ पर्यंत औरंगाबाद जिल्ह्यातच होतं. समुद्र नसलेल्या मराठवाड्यातली माणसं रत्नागिरीच्या चिखलातले शिंपले अभ्यासत होती आणि मी, त्याच मराठवाड्यातली मुलगी, लिहित होते की काम झालेलं नाही. प्रकरण परत आलं. पुढचे तीन महिने तेच पुन्हा लिहिण्यात गेले.

तेव्हा तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, जीव कुठलाही असो, आधी त्याच्या सगळ्या जुन्या नावांची यादी करा आणि प्रत्येक नावाने शोधा. दोन, "काम झालेले नाही" हे वाक्य लिहायच्या आधी ग्रंथालयातली जुनी जर्नल हाताने चाळा, कारण सगळंच संगणकावर आलेलं नाही. तीन, लेखाच्या मथळ्याखालचा पत्ता वाचा. तुमच्या विषयाचं मूळ कधीकधी तुमच्याच विभागात असतं.

आणि "जालन्यात बसून शिंपल्यांवर काय संशोधन करणार?" असं कुणी विचारलं, तर आता माझ्याकडे उत्तर आहे. निदान १९७५ पासूनचं.