विम्याचे कार्ड आणि गावची नर्सबाई

हिंगोलीच्या मोंढ्यात किंवा वसमतच्या हळदीच्या बाजारात हमालांच्या घोळक्यात घटकाभर उभे राहिले म्हणजे एक प्रश्न हटकून कानी पडतो. "तिथं कार्ड चालतं का?" विचारणारा बहुधा दवाखान्याच्या वाटेवर असतो आणि उत्तर देणारा नुकताच तेथून आलेला असतो. डॉक्टर हुशार आहे की नाही, हे विचारण्याची चैन त्याला परवडत नाही. प्रश्न आजचा वाटतो, परंतु त्याला शंभरावर वर्षांचा इतिहास आहे. श्रोतेहो, तोच आज सांगण्याचे आम्ही योजले आहे. आम्ही कोणी पदवीधर इतिहासकार नव्हे. संघटनेच्या कामात जे कायदे अंगावर आले, ते रात्री दिव्याखाली बसून वाचले, एवढीच आमची विद्या.

दवाखान्याच्या दारात कार्ड दाखविण्याची रीत आपल्याकडे इंग्लंडातून आली. १९११ साली लॉइड जॉर्ज यांनी राष्ट्रीय विम्याचा कायदा केला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स भरावयाचे, मालकाने तीन आणि सरकारने दोन. त्या बदल्यात कामगाराला आपल्या वस्तीतल्या डॉक्टरांच्या यादीतून एक डॉक्टर निवडता येई. या यादीला 'पॅनेल' म्हणत. त्यात उणीव मोठी होती. विमा कामगाराचा होता, त्याच्या बायकामुलांचा नव्हता. तरीही डॉक्टर आपण निवडावयाचा आणि तो पायी जाण्याजोग्या अंतरावर असावयाचा, हे तत्त्व मात्र तेथे रुजले.

हिंदुस्थानात हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. औद्योगिक कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर सोपविण्यात आले आणि १९४४ मध्ये त्यांनी आपला अहवाल दिला. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर आणि दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला व १९५४ साली ती मुंबईत आली. मुंबईने पॅनेलची पद्धत उचलली. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला आपल्याच गल्लीतला डॉक्टर विम्यावर मिळू लागला. १९५८ पासून कुटुंबालाही वैद्यकीय मदत देण्यास सुरुवात झाली. औषधांबद्दलच्या कुरकुरी पुष्कळ होत्या, परंतु एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. हा विमा पहिल्या तापापासून चालू होत असे. खोकल्याला, जुलाबाला, बोटाला लागलेल्या चिरेलाही तो चाले. माणूस आडवा पडेपर्यंत थांबण्याची गरज नव्हती.

मग हा विमा हिंगोलीच्या मजुराला का लाभला नाही? आपल्याकडे कारखाने कमी, हे उत्तर नेहमी मिळते आणि ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे कायद्याच्या शब्दांत आहे. 'हंगामी कारखाना' या कायद्यातून वगळलेला होता आणि त्याच्या व्याख्येत काय काय होते ते पाहा: सरकी काढणे, कापसाच्या गाठी बांधणे, भुईमूग फोडणे, साखर आणि गूळ. मराठवाड्यातल्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे बहुतेक सगळे जिणे या एका व्याख्येत आले आणि तिच्याचबरोबर विम्याबाहेर गेले! जिनिंगमध्ये सहा महिने कापसाची धूळ खाणाऱ्याच्या छातीला हंगाम नसतो, ही साधी गोष्ट त्या वेळी कोणाला सुचली नसेल असे नाही. पण वर्षभर वर्गणी कापून घेता येईल असेच कामगार कचेरीला सोयीचे असतात. ऊसतोड्या, शेतमजूर, शेतात हळद शिजविणारा हे तर कारखान्याच्या आसपासही नव्हते. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात अमलात आली. हंगामी कारखाना वगळणारे शब्द मात्र तिने तसेच पुढे नेले.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. या वाटेवर कार्डाची गरजच नव्हती. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हा त्याचा पाया. प्रत्येक चाळीस हजार वस्तीला एक प्राथमिक केंद्र असावे आणि त्यात दोन डॉक्टर, चार आरोग्य परिचारिका, एक परिचारिका, चार सुइणी व चार शिकविलेल्या दाया असाव्यात, असे त्यांनी लिहिले. ही संख्या लक्षात घ्या. डॉक्टर दोन आणि बाया तेरा! कारणही उघड होते. समितीच्याच हिशेबाने तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सहा हजार तीनशे माणसांमागे एक डॉक्टर होता, तर परिचारिका त्रेचाळीस हजारांमागे एक.

हा हिशेब ब्रिटिश मुलखाचा होता. हिंगोली निजामाच्या राज्यात असल्याने तो आपल्याला मोजतही नव्हता. येथे १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा ही आपल्या मोहल्ल्यांची नावे त्या छावणीची. शिपायाच्या दुखण्याची काळजी कोणालाही घ्यावीच लागते. कुणब्याच्या बाळंतिणीची घ्यावी असे तेव्हा राज्याला वाटत नव्हते. तिच्या मदतीला गावची सुईण येई. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आलो. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे त्यांच्या हाती गेली. त्या केंद्राखालच्या उपकेंद्रात जी बाई आली ती आपली नर्सबाई. सरकारी दप्तरात तिला आरोग्यसेविका म्हणतात.

सपाट मुलखात पाच हजार वस्तीला एक उपकेंद्र, हे प्रमाण. पाच हजार माणसांची लस, गरोदर बायांची नोंद, बाळंतपण, तापाच्या गोळ्या आणि या सगळ्याची रजिस्टरे! आम्ही सेनगाव आणि कळमनुरीकडे सभांना जातो तेव्हा उपकेंद्राला कुलूप दिसले की गावकरी नर्सबाईला बोल लावतात. आम्ही त्यांना विचारतो, की ती दुसऱ्या वाडीला लस टोचायला गेली असेल तर येथे कोणी बसावयाचे? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्याबरोबर कंत्राटी नर्स आली आणि मानधनावरची आशाताई आली. काम कायमचे आणि नेमणूक अकरा-अकरा महिन्यांची, हे गणित आम्हां कामगारांच्या चांगले ओळखीचे आहे. राज्यातल्या आशाताई २०२४ च्या आरंभी आझाद मैदानावर आठवडेच्या आठवडे बसल्या, तेव्हा कित्येक गावांना पहिल्यांदा कळले, की आपल्या दारात रोज कोण येत होते.

परिचारिका काय करू शकते, याचा दाखला लांब नाही. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने गावातल्याच, पुष्कळशा निरक्षर बायांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले. अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी परिचारिकांना तपासणी व उपचार स्वतंत्रपणे करण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. त्याच वर्षी तेथे म्हाताऱ्यांसाठी आणि गरिबांसाठी सरकारी विम्याच्या दोन योजना निघाल्या. पण अशा परिचारिकेच्या कामाचे पैसे विम्याने द्यावेत, हे पटावयास वेळ लागला. १९७७ च्या कायद्याने ते ग्रामीण दवाखान्यांपुरते मान्य झाले. सर्वत्र थेट मोबदला मिळण्याची सोय १९९७ च्या कायद्याने झाली, आणि तोही डॉक्टरच्या दराच्या पंच्याऐंशी टक्के! गरिबांचे कार्ड पाहून "नवे रोगी घेत नाही" म्हणणारे दवाखाने तेथेही आहेतच.

आपल्याकडे कार्ड पुन्हा आले ते २०१२ च्या जुलैत. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत लागू झाली. त्यांत शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. आपला क्रम २०१३ च्या नोव्हेंबरात, सबंध राज्याबरोबर लागला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेबरोबरच चौदा जिल्ह्यांतल्या शुभ्र पत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही तिने घेतले आणि त्या चौदांत हिंगोली होते. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान योजना तिला जोडली गेली. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा दीड लाखाची पाच लाख झाली व ती सर्व शिधापत्रिकांना खुली करण्याचे ठरले.

या योजनेने माणसे वाचविली आहेत. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी एक एकर विकण्याची वेळ ज्याच्यावर आली नाही, त्याला ते विचारावे. परंतु ती मुख्यतः भरती होऊन करावयाच्या ठरीव उपचारांची योजना आहे. हळद शिजविताना हात पोळला आणि मलमपट्टीने भागणार असले, तर कार्ड खिशात राहते आणि नोटा बाहेर येतात. आमच्या एका हमालबंधूने तीन दिवस ताप अंगावर काढला, कारण एका खासगी इस्पितळात त्याला "भरती व्हायचं असेल तरच कार्ड" असे सांगण्यात आले. चौथ्या दिवशी तो भरती होण्याच्या लायक झाला! गावची नर्सबाई त्याला पहिल्याच दिवशी फुकट गोळ्या देऊ शकली असती. तिच्याकडे कार्ड लागत नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. कार्ड नाही म्हणजे उपचार नाही, अशी समजूत आता घट्ट झाली आहे आणि आमच्या मते गेल्या दहा-बारा वर्षांतले हे मोठे नुकसान होय.

२०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली आणि तेथे समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले. त्यांत सहा महिन्यांचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका आहेत, तसेच आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्याने अशा कामासाठी मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. त्यांची शंका सगळीच खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. पण रात्री अकरा वाजता औंढ्याच्या पलीकडच्या वाडीवर यावयास त्यांच्यापैकी किती जण तयार होते, हेही विचारावयास हवे होते. २०२४ मध्ये हिंगोलीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथून डॉक्टर बाहेर पडावयास वर्षे लागतील.

तोवर हमाल पंचायतीच्या बैठकीत आम्ही एक काम करतो. ज्याच्या गावचे उपकेंद्र कोठे आहे, नर्सबाई कोणत्या वारी कोणत्या वाडीला असते, हे त्याने उभे राहून सांगावयाचे. योजनेतल्या इस्पितळात आरोग्यमित्र कोठे बसतो, हे नुकताच तेथे जाऊन आलेल्याने सांगावयाचे. पहिल्या बैठकीत अर्ध्याहून अधिक जणांना आपल्या उपकेंद्राचे गाव सांगता आले नाही. आता मोंढ्याच्या भिंतीवर खडूने एक तक्ता लिहिलेला आहे. पावसाने पुसला की हमालच तो पुन्हा लिहितात. नर्सबाईची वेळ सकाळी नऊची आणि हमालाची सुटका रात्री आठची, हा पेच त्या तक्त्याने सुटलेला नाही. उपकेंद्र आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडे ठेवावे आणि त्यासाठी नर्सबाईला जादा पगार द्यावा, असा अर्ज आम्ही जिल्हा परिषदेकडे दिला आहे. त्यावर हमालांइतक्याच नर्सबायांच्याही सह्या आहेत.