लघु गिअर मोटर

लघु गिअर मोटर म्हणजे लहान विद्युत मोटर आणि तिच्या तोंडाशी बसवलेली दंतचक्रांची पेटी (गिअरपेटी) यांची एकत्रित रचना होय. शालेय विज्ञान प्रदर्शनांतील प्रतिकृती, छोटे यंत्रमानव, छंद म्हणून तयार केलेली उपकरणे आणि गणेशोत्सवातील हलते देखावे यांत या मोटरींचा वापर होतो. खरेदी करताना बहुधा व्होल्ट आणि मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) एवढेच पाहिले जाते. मात्र मोटर दिलेले काम पेलेल की जळून जाईल, हे मुख्यतः तिच्या टॉर्कवर, म्हणजे आसाला पीळ देण्याच्या क्षमतेवर अवलंबून असते.

रचना व कार्य

लहान डीसी मोटर मिनिटाला कित्येक हजार फेरे घेते. परंतु तिचा आस बोटांच्या चिमटीनेही थांबवता येतो. गिअरपेटीतील लहान चक्र मोठ्या चक्राला फिरवते, त्यामुळे गती कमी होते व टॉर्क वाढतो. ६,००० आरपीएमच्या मोटरला १:६० प्रमाणाची पेटी जोडल्यास बाहेरच्या आसाला १०० आरपीएम गती मिळते. टॉर्क तत्त्वतः ६० पट होतो. प्रत्यक्षात दात्यांमधील घर्षणामुळे तो काहीसा कमी भरतो. गिअरपेटी शक्ती निर्माण करत नाही. ती गतीच्या मोबदल्यात जोर देते.

फिरत्या मोटरमध्ये पुरवठ्याला विरोध करणारा विद्युतदाब निर्माण होतो व त्यामुळे विद्युतप्रवाह मर्यादित राहतो. अतिभारामुळे मोटर थबकली की हा विरोध नाहीसा होतो, प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि सर्व ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. परिणामी वेटोळ्यांवरील रोधक थर जळतो. काही वेळा त्याआधीच प्लॅस्टिकचे दाते तुटतात.

प्रकार

बीओ मोटर : पिवळ्या प्लॅस्टिकच्या आवरणातील ही मोटर ३ ते ६ व्होल्टवर चालते. ती स्वस्त असून हलक्या गाड्यांना पुरेशी ठरते.

एन-२० : ही धातूच्या दंतचक्रांची अत्यंत लहान मोटर असून तिचा आस ३ मिलिमीटरचा असतो.

१२ व्होल्टची धातूच्या पेटीची मोटर : हिचा आस सामान्यतः ६ मिलिमीटरचा असतो. थोड्या आरपीएमपासून कित्येकशे आरपीएमपर्यंत अनेक गतींत ती मिळते.

वर्म गिअर मोटर : मोटारगाडीच्या वायपरची मोटर या प्रकारात मोडते. हिचा जोर मोठा असतो. पण ती कित्येक अँपिअर प्रवाह घेते. बहुतेक वर्म पेट्यांत बाहेरचा आस ढकलून मोटर उलट फिरवता येत नाही. त्यामुळे वीज गेल्यावरही उचललेला भार सहसा जागीच राहतो.

सिंक्रोनस मोटर : २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर मंद व स्थिर गतीने फिरते. मायक्रोवेव्हमधील तबकडी अशाच मोटरवर फिरते. या प्रकारातील अनेक मोटरी सुरू होताना कोणत्या दिशेने फिरतील याची खात्री नसते.

टॉर्कचे गणित

बाजारात टॉर्क बहुधा किलोग्रॅम-सेंटिमीटर (किग्रॅ-सेंमी) या एककात सांगितला जातो. १ किग्रॅ-सेंमी म्हणजे सुमारे ०.०९८ न्यूटन-मीटर. आसापासून १ सेंमी अंतरावर १ किलोग्रॅम वजन तोलून धरण्यास लागणारा हा पीळ आहे.

देखाव्यातील मूर्तीचा हात वर-खाली हलवायचा आहे, असे समजू. हाताचे वजन ४०० ग्रॅम असून त्याचा गुरुत्वमध्य खांद्यापासून १५ सेंमी अंतरावर आहे. हात आडवा असताना आवश्यक टॉर्क ०.४ × १५ = ६ किग्रॅ-सेंमी. मोटरचा आस थेट खांद्याला जोडल्यास हा सर्व भार मोटरवर येतो; शिवाय प्रत्येक वेळी तिची दिशा उलटवावी लागते.

त्याऐवजी मोटरवर ३ सेंमी लांबीची भुजा (क्रँक) बसवून तिचे टोक एका काडीने हाताला, खांद्यापासून ६ सेंमी अंतरावर, जोडता येते. काडीवर सुमारे १ किलोग्रॅम ओढ येते आणि मोटरला कमाल सुमारे ३ किग्रॅ-सेंमी टॉर्क द्यावा लागतो. हात सुमारे ६० अंशांत डोलतो, मोटर एकाच दिशेने फिरत राहते आणि तिच्या एका फेऱ्यात हाताची एक ये-जा पूर्ण होते. खांद्याच्या मागील बाजूस १५ सेंमी अंतरावर ३०० ग्रॅमचे समतोल वजन लावल्यास हा भार आणखी घटून पाऊण किग्रॅ-सेंमीच्या आसपास येतो. मोठी मोटर घेण्यापूर्वी अशी तरफेची रचना पाहणे बहुधा स्वस्त पडते.

घर्षण व धक्के लक्षात घेऊन हिशेबाने आलेल्या टॉर्कच्या किमान दुप्पट क्षमतेची मोटर निवडतात. येथे 'रेटेड' टॉर्क, म्हणजे सतत चालवताना सोसणारा टॉर्क, विचारात घ्यावा लागतो. माहितीपत्रकात केवळ 'स्टॉल' टॉर्क, म्हणजे मोटर थबकण्याच्या क्षणीचा टॉर्क, दिलेला असल्यास त्याच्या पाव भागापर्यंतच भार ठेवणे सुरक्षित असते. हे दोन आकडे एकच समजणे हे मोटर जळण्याचे नेहमीचे कारण होय.

गतीची निवड

आवश्यक गती कामावरून ठरते. वरील उदाहरणात हात मिनिटाला दहा वेळा हलवायचा असेल, तर १० आरपीएमची मोटर लागते. गाडीसाठी चाकाचा परीघ विचारात घेतात. ६.५ सेंमी व्यासाचे चाक १०० आरपीएमने फिरल्यास गाडी सेकंदाला सुमारे ३४ सेंमी अंतर कापते. जादा गतीची मोटर घेऊन व्होल्ट कमी करणे योग्य नव्हे. त्यामुळे टॉर्कही घटतो व भाराखाली मोटर थबकण्याचा संभव वाढतो.

वीजपुरवठा व नियंत्रण

अ‍ॅडॉप्टर किंवा बॅटरी मोटरच्या सुरुवातीच्या प्रवाहाला पुरेशी असावी लागते. हा प्रवाह थबकलेल्या मोटरच्या प्रवाहाएवढा असू शकतो. ९ व्होल्टची लहान चौकोनी बॅटरी या कामास अपुरी पडते. आर्डुइनो उनोच्या एका पिनेची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर असल्याने मोटर तिला थेट जोडत नाहीत. मध्ये ड्रायव्हर परिपथ ठेवतात. एल२९३डी या ड्रायव्हरची सततची मर्यादा प्रत्येक मोटरमागे ०.६ अँपिअर, तर एल२९८ ची २ अँपिअर आहे. मोटरच्या तारेत योग्य क्षमतेचा फ्यूज असल्यास यंत्रणा अडकली तरी नुकसान टळू शकते.

यांत्रिक जोडणी

गिअरपेटीचा आस हाताने जबरीने फिरवल्यास दाते तुटण्याची शक्यता असते. जड चाक आसाच्या टोकाशी न ठेवता पेटीच्या जवळ बसवतात आणि भार मोठा असल्यास तो स्वतंत्र बेअरिंगवर घेतात. मोटर व यंत्रणा यांचे आस एका रेषेत नसतील, तर योग्य क्षमतेची मोटरही गरम होते.

कोल्हापुरातील संदर्भ

कोल्हापूर हे ओतकाम आणि यंत्रभाग-निर्मितीचे केंद्र आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथे अभियांत्रिकी उद्योग एकवटले आहेत. मोटरच्या आसाला जुळणारी बुशिंग किंवा जोडनळी लेथवर करून घेणे अशा ठिकाणी सोपे असते. शहरातील सार्वजनिक गणेशोत्सवात 'तांत्रिक देखावे' हा परिचित प्रकार आहे. त्यांतील मूर्तींच्या हालचालींमागे गिअर मोटर, भुजा व तरफ हीच तत्त्वे असतात.

उत्सवातील देखावा दिवसाचे अनेक तास, कित्येक दिवस चालतो. प्रदर्शनातील प्रतिकृती मात्र काही मिनिटेच चालवली जाते. म्हणून प्रतिकृतीत टिकलेली मोटर देखाव्यातही टिकेलच असे नाही. प्रत्यक्ष भारासह मोटर तासभर चालवून तिचे आवरण हाताला सोसवते का, ही साधी चाचणी यासाठी उपयुक्त ठरते. पावसाळी दमट मांडवात आणि विद्यार्थ्यांच्या हाताळणीत २३० व्होल्टच्या मोटरीपेक्षा अ‍ॅडॉप्टरवर चालणारी १२ व्होल्टची मोटर अधिक सुरक्षित असते.